एसव्हीएनवरून गिटवर जायचंय, जुना सगळा इतिहास सोबत न्यावा का तिथंच सोडावा?

मांजराकाठ, लातूर
२८ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचं लातूरला छोटं ऑफिस आहे, सहा जणं आहोत, साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, वजनकाटा, ऊस बिलं, तोडणी-वाहतूकवाल्यांचे हिशोब, हे सगळं. २०१३ पासून कोड सबव्हर्जनमधी (एसव्हीएन, कोडमधला दर बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम) आहे, ऑफिसातल्याच एका जुन्या उबुंटू मशीनवर, आणि आता नऊ हजाराच्या वर रिव्हिजन, म्हणजे नोंदवलेले बदल, झाल्यात. इतकी वर्षं चाललं, तक्रार नव्हती. पण यंदाच्या हंगामात जे झालं त्याच्यानंतर मला थांबायचं नाही.

झालं असं की जानेवारीत रात्री एका कारखान्यावरून फोन आला, काट्यावर बैलांच्या टायरगाड्यांचं रिकामं वजन मागच्याच खेपेचं उचलायलंय म्हणून. आमचा पोरगा रातोरात निघाला, तिथं बसून लॅपटॉपवर कोड दुरुस्त केला, पहाटेपर्यंत गाड्यांची रांग हलली. तिथं रेंज नाही, ऑफिसच्या सर्व्हरला जोडता येत नाही, म्हणजे कमिट करायचा, बदल नोंदवायचा प्रश्नच नाही. चार दिवस तो तिथंच होता, त्या चार दिवसांत अजून पाच-सहा ठिकाणी हात लावला, आणि परत आल्यावर सगळं एकाच कमिटमधी टाकलं, तेही दुसऱ्याच्या बदलाशी कॉन्फ्लिक्ट झाला तो घाईघाईत मिटवून. त्यात नेमकी रिकाम्या वजनाची दुरुस्तीच पुसल्या गेली आणि पुढच्या अपडेटला तीच चूक परत काट्यावर पोचली. शेतकऱ्याच्या पावतीवर चुकीचं वजन छापून जाणं म्हणजे काय हे काट्यापाशी उभं राहिलेल्या माणसालाच कळतंय. पावत्या दुरुस्त करून दिल्या सगळ्या, पण मला दोन रात्री झोप नव्हती.

म्हणून गिट, तेच काम करणारा पण सर्व्हरशिवाय लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम. नेट असो नसो, जिथं बसलोय तिथंच दर दुरुस्तीचा वेगळा कमिट व्हावा, एवढं मला पाहिजे.

आता अडचण अशी की आमचे सर म्हणतेत निस्ता आजचा कोड उचल आणि गिटमधी टाक, जुनं कोण बघतंय. मला ते पटत नाही पण पटवून पण देता येत नाही. दुसरं म्हणजे आमच्या रिपॉझिटरीची (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याची) मांडणी पुस्तकासारखी नाही, ट्रंक, म्हणजे मुख्य कोड, आहे, पण त्याच्या शेजारी दर कारखान्याला एकेक फोल्डर आहे, ट्रंकची नक्कल करून त्यात त्यांचे बदल केलेले, असे नऊ फोल्डर. त्यात कुणीतरी डेटाबेसचे बॅकअप पण कमिट करून ठेवलेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत गाळप सुरू होईल, तोवर वेळ आहे. कुणी हे केलंय का, अनुभव सांगा.


पैठणगेट, छत्रपती संभाजीनगर
२८ मार्च, रात्री ११:१५

भाऊ, तुमच्या सरांचं बरोबर आहे असं मला वाटतं. आम्ही तीन वर्षांखाली असंच केलं, शेवटची रिव्हिजन एक्सपोर्ट केली, गिटमधी पहिला कमिट म्हणून टाकली, एसव्हीएन फक्त वाचण्यापुरता चालू ठेवला. एका दुपारी काम झालं. जुनं बघायची गरज वर्षातून दोनदा पडली असेल, तेव्हा जाऊन बघितलं जुन्या सर्व्हरवर. नऊ हजार रिव्हिजन रूपांतर करत बसण्यात आठवडे घालण्यापेक्षा टीमला गिट शिकवण्यात तो वेळ घाला.


केशर_आंबा
२९ मार्च, सकाळी ७:०५

मला याच्या अगदी उलट सांगायचंय, आणि जरा लांब सांगते कारण मी हे भोगलंय.

मी आधी जिथं होते तिथं पण एका दुपारीच काम उरकलं होतं. पहिलं दीड वर्ष कुणालाच काही जाणवलं नाही. मग जुन्या एसव्हीएनच्या मशीनची हार्डडिस्क गेली. बॅकअप होता म्हणत होते, तो उघडलाच नाही, कारण गिट आल्यापासून त्या मशीनकडं कुणी बघतच नव्हतं. पैठणगेट दादा, तुमचं मशीन चालू आहे ही चांगली गोष्ट आहे, पण त्याचा बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला ते आज एकदा तपासा, खरंच सांगते.

त्याच्यानंतर काय व्हायचं, पगाराच्या मॉड्यूलमधी एका ठिकाणी रक्कम आधी गुणून मग राउंड केलेली आणि दुसऱ्या ठिकाणी आधी राउंड करून मग गुणलेली. बघणाऱ्याला वाटतं चूक आहे. नवीन आलेल्या मुलीनं ती एकसारखी करून टाकली, आणि दोनशे माणसांचे पगार पैशा-पैशानं चुकले. गिट ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते दाखवणारी कमांड, लावलं तर फाइलमधल्या सगळ्या ओळी एकाच तारखेच्या, एकाच माणसाच्या, मेसेज काय तर पहिला कमिट. तो फरक मुद्दाम ठेवलेला होता, कुणीतरी कधीतरी त्याचं कारण लिहून ठेवलं होतं, आणि ते कारण आम्ही आमच्या हातानं टाकून दिलं होतं. मांजराकाठ भाऊ, तुमचं काम वजनाचं आणि बिलाचं आहे. रिकाम्या वजनाच्या त्या ओळी तशा कामून लिहिल्यात हे पाच वर्षांनी विचारणारा कुणीतरी येणारच.

मोठमोठ्या प्रोजेक्टनी पण इतिहास सोडला नाही. जीसीसी कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं हत्यार) १९८७ चा, ते लोक जानेवारी २०२० मधी एसव्हीएनवरून गिटवर आले तर रिपोसर्जन नावाचं हत्यार वापरून जुनं सगळं नीट लावून आणलं. एलएलव्हीएम हा कंपायलरचाच दुसरा मोठा प्रोजेक्ट ऑक्टोबर २०१९ ला गिटवर आला, आणि त्यांनी जुन्या दर कमिटच्या मेसेजखाली एसव्हीएनचा रिव्हिजन नंबर एका ओळीत लिहून ठेवला. ही युक्ती तुम्ही नक्की उचला. कारण तुमच्या जुन्या ईमेलमधी, तक्रारीच्या वहीत, कोडमधल्या कॉमेंटमधी आर ४५१२ मधी दुरुस्त केलं असं लिहिलेलं असणार, आणि गिटमधी असा क्रमांकच नसतो, चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे आकडे-अक्षरांची खूण, असतो. गिट-एसव्हीएनमधी, म्हणजे एसव्हीएनचा इतिहास गिटमधी आणणाऱ्या कमांडमधी, ही ओळ आपोआप येते. इंटरनेटवरचे बहुतेक लेख सांगतात की नो-मेटाडेटा पर्याय लावा म्हणजे मेसेज स्वच्छ दिसतात. लावू नका तो. मेसेज थोडा घाण दिसू द्या.

करायचं कसं ते थोडक्यात. चालू सर्व्हरवर प्रयोग करू नका, एसव्हीएन ॲडमिनच्या हॉटकॉपीनं पूर्ण रिपॉझिटरीची प्रत काढा आणि त्या प्रतीवरच, त्याच मशीनवर फाइल पत्त्यानं गिट-एसव्हीएन चालवा, नेटवर्कवरून केलं तर एकेक रिव्हिजन आणत बसतं आणि जीव जातो. उबुंटूवर गिट-एसव्हीएन वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. त्याच्या आधी लेखकांची यादी बनवायची, एसव्हीएनमधी निस्तं लॉगिन नाव असतं, गिटला पूर्ण नाव आणि ईमेल लागतो. यादीत एक जरी नाव राहिलं तरी ते मधीच थांबतं, घाबरू नका, नाव घालून परत फेच (आणायची कमांड) म्हणलं की राहिलं तिथून पुढं चालू होतं. आणि हे सगळं एकदाच करायचं नाही. दोन-तीनदा रंगीत तालीम करा, दरवेळी आलेली रिपॉझिटरी फेकून द्या, शेवटच्या वेळेसच खरी ठेवा.


मांजराकाठ, लातूर
२९ मार्च, दुपारी १:२०

ताई, लई धन्यवाद, तुमचा पूर्ण मेसेज सरांना वाचून दाखवला. पगाराचं ऐकल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. इतिहास न्यायचा हे ठरलं. आता त्या नऊ फोल्डरचं काय करावं तेवढं कुणी सांगा.


गोदाकाठ, नांदेड
२९ मार्च, रात्री ९:३०

फोल्डरचं मी सांगतो, कारण आमच्याकडं पण गिऱ्हाईकागणिक फोल्डर होते.

पहिलं हे बघा की ते फोल्डर बनवले कसे. एसव्हीएनची स्वतःची कॉपी कमांड किंवा टॉर्टॉइज (विंडोजवर माउसनं एसव्हीएन चालवायचा प्रोग्राम) यातलं ब्रँच-टॅग वापरून बनवले असतील तर एसव्हीएनला ठाऊक असतं की हे ट्रंकच्या अमुक रिव्हिजनवरून निघालंय. पण कुणी विंडोजच्या एक्सप्लोररमधी कॉपी-पेस्ट करून मग ॲड केलं असेल तर एसव्हीएनच्या लेखी त्या सगळ्या नवीन फाइली, ट्रंकशी काही नातं नाही. लॉग तपशीलवार काढला की कळतं, नातं असलं तर फोल्डरच्या पुढं कुठून आलं ते कंसात लिहिलेलं दिसतं. ज्यांचं नातं आहे त्या फोल्डरला गिट-एसव्हीएनच्या सेटिंगमधी ब्रँच, म्हणजे ट्रंकची फांदी, म्हणून द्यायचं, ते नीट झाडासारखे जुळून येतात. ज्यांचं नाही ते पण ब्रँच म्हणून येतील पण मुळाशिवाय, लटकलेले. अशा ब्रँचेस ट्रंकला नंतर गिट रिप्लेस या कमांडनं कलम करता येतात, पण खरं सांगू का, तेवढा जीव दोन-तीन महत्त्वाच्या कारखान्यांपुरताच लावा.

आणि एक विनंती आहे. ते नऊ फोल्डर मिटवून एकच कोड आणि दर कारखान्याची वेगळी सेटिंग फाइल असं करायचा मोह तुम्हाला होणारच, करायला पण पाहिजे, पण त्याच आठवड्यात नको. आधी जसं आहे तसं गिटमधी आणा, चार महिने चालवा. आम्ही दोन्ही एकदमच केलं आणि मग कुठली चूक रूपांतराची आणि कुठली आमच्या नव्या रचनेची हे शोधण्यात पूर्ण पावसाळा गेला.

तुम्हाला नेट नसताना कमिट पाहिजे म्हणालात, गिटचा पिंडच तो आहे. लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिणारे बिटकीपर नावाचा असाच प्रोग्राम वापरायचे, २००५ मधी त्याची फुकट वापरायची सोय गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलमधी गिट लिहायला घेतलं, जगभर विखुरलेल्या लोकांनी एका सर्व्हरवर अवलंबून न राहता काम करावं म्हणूनच. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो, त्यामुळं काट्यावर बसून लॉग बघता येतो, जुन्याशी फरक काढता येतो, सगळं.

पण त्याची दुसरी बाजू आमच्या भागात लई जाणवते. पहिला क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून पूर्ण प्रत, करताना अर्ध्यात लाईट गेली किंवा नेट तुटलं तर गिट क्लोन राहिलं तिथून चालू होत नाही, परत पहिल्यापासून. आमच्या धर्माबादच्या पोराचा क्लोन तीन दिवस झालाच नाही. मग सर्व्हरवर गिट बंडल बनवला, म्हणजे पूर्ण रिपॉझिटरी एकाच फाइलीत, आणि पेनड्राइव्हवर दिली. त्या फाइलीवरूनच क्लोन करता येतो, नंतर रिमोटचा, म्हणजे सर्व्हरचा, पत्ता बदलला की झालं. पेनड्राइव्ह नसेल तर डेप्थ (इतिहासाची खोली) एक देऊन, म्हणजे निस्ता शेवटचा कमिट घेऊन, उथळ क्लोन करायचा, तो हलका असतो, आणि बाकीचा इतिहास नेट चांगलं असेल तेव्हा ओढायचा.

बॅकअप फाइलींचं मात्र आत्ताच निपटा. गिटमधी एकदा गेलेली मोठी फाइल डिलीट केली तरी इतिहासात राहते आणि दर क्लोनला सोबत येते. एसव्हीएनमधी हे टोचत नव्हतं कारण तिथं लॅपटॉपवर फक्त आजची प्रत येते. गिटहब या वेबसाइटवर ठेवणार असाल तर १०० एमबीच्या वरची फाइल ते घेतच नाहीत. रूपांतर झाल्यावर, कुणाला द्यायच्या आधी, गिट फिल्टर-रेपो या हत्यारानं त्या फाइली मुळापासून काढा. एकदा लोकांनी क्लोन केला की मग काढणं म्हणजे सगळ्यांचे हॅश बदलणार, सगळ्यांना परत क्लोन करावा लागणार. काढताना डेटाबेसचे पासवर्ड पण शोधा, जुन्या कॉन्फिगमधी हमखास असतात. निस्ते काढून भागत नाही, ते पासवर्ड बदलाच.


केशर_आंबा
२९ मार्च, रात्री १०:१०

गोदाकाठ दादांना जोडून तीन बारीक गोष्टी, ज्या पहिल्या दिवशी रडवतात.

गिट रिकामं फोल्डर ठेवतच नाही. एसव्हीएन ठेवतं. तुमच्या काट्याच्या प्रोग्रामला पावतीच्या फाइली टाकायला एखादं रिकामं फोल्डर तयार लागत असेल तर ताज्या क्लोनमधी ते नसेल आणि प्रोग्राम पहिल्याच पावतीला आपटेल. त्यात एक छोटी फाइल टाकून ठेवायची, लोक तिला गिटकीप म्हणतात.

दुसरं, मराठी नावाच्या फाइली असतील, ऊस बिल नमुना वगैरे, तर गिट स्टेटसमधी नावाच्या जागी \३४०\२४४ असे आकडे दिसतात, वाटतं फाइल खराब झाली. काही झालेलं नसतं. कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की देवनागरी नीट दिसते. आमच्याकडं एकानं घाबरून सगळ्या फाइलींची नावं इंग्रजीत बदलली होती आणि रिपोर्ट बंद पडले.

तिसरं, ओळीच्या शेवटाचं. विंडोज आणि लिनक्समधी ओळ संपल्याची खूण वेगळी असते, दोन्ही मिसळलेलं असेल तर पहिल्याच दिवशी गिट-ॲट्रिब्यूट्स फाइल टाका, नाहीतर कुणी एक ओळ बदलली तरी पूर्ण फाइल बदलल्यासारखी दिसते आणि आपण एवढ्या कष्टानं आणलेल्या ब्लेमवर पाणी पडतं.


पैठणगेट, छत्रपती संभाजीनगर
३० मार्च, सकाळी ९:४५

ताई, तुम्ही म्हणाला म्हणून आज सकाळी आल्या आल्या आमच्या जुन्या एसव्हीएनचा बॅकअप उघडून बघितला. २०२३ च्या डिसेंबरनंतर बॅकअपच झालेला नाही, स्क्रिप्ट बंद पडलेली. तेव्हापासून तिथं कमिट नाहीत म्हणून नुकसान नाही, पण मी हादरलो. आज पूर्ण डम्प काढून दोन ठिकाणी ठेवला. माझं परवाचं मत मी मागं घेतो.

मांजराकाठ भाऊ, माझ्याकडून एकच उपयोगाची गोष्ट, माणसांची. आमच्याकडं पंधरा वर्षं एसव्हीएन वापरलेले एक काका आहेत, मनापासून काम करणारे. पहिल्या आठवड्यात त्यांनी रोज कमिट केलं आणि सर्व्हरवर काहीच आलं नाही. एसव्हीएनमधी कमिट म्हणजे पोचलंच, गिटमधी कमिट लॅपटॉपवरच राहतो, सर्व्हरवर पाठवायला पुश करावा लागतो. तुमच्या काट्यावरच्या पोराला हेच सगळ्यात जास्त लागू आहे, चार दिवसांचे कमिट करून आला आणि पुश न करता लॅपटॉप फॉरमॅटला दिला तर परत तेच दुःख. अजून एक, रिव्हर्ट हा शब्द. एसव्हीएनमधी रिव्हर्ट म्हणजे माझे न टाकलेले बदल फेकून दे, गिटमधी रिव्हर्ट म्हणजे जुन्या कमिटच्या उलटा नवीन कमिट कर. काकांनी आपली सवय म्हणून रिव्हर्ट दाबलं आणि दुसऱ्याचं चांगलं काम उलटं करून पुश झालं. टॉर्टॉइज गिट द्या त्यांना, मेनू ओळखीचे वाटतात, पण हे दोन शब्द कागदावर लिहून टेबलाला चिकटवा.

सर्व्हरसाठी लगेच मोठं काही घेऊ नका. सहा माणसांना त्याच उबुंटूवर एक बेअर रिपॉझिटरी (निस्ता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत) आणि एसएसएच (दुरून जोडायची सोय) पुरतं. ब्राउझरमधून बघायचं असेल तर गीटी नावाचं सॉफ्टवेअर टाका, हलकं आहे, जुन्या मशीनवर पण चालतं.


मांजराकाठ, लातूर
१३ एप्रिल, रात्री ११:५०

मंडळी, दोन तालमी झाल्या, हाल-हवाल सांगतो.

पहिल्या वेळेस सांगितल्याप्रमाणं लेखकांवरच थांबलं. आमच्यात चौदा लॉगिन निघाले, त्यातले तीन एकाच माणसाचे, आणि ॲडमिन नावाच्या एका लॉगिनवर दोन वर्षं चार जणांनी काम केलेलं. ते चार जण आता वेगळे काढता येत नाहीत, तसंच ठेवलं. हॉटकॉपीवरून संध्याकाळी लावलं, मधी एकदा लाईट गेली, फेच म्हणलं, पुढं चालू झालं, सकाळपर्यंत पूर्ण.

नऊपैकी सहा फोल्डर एसव्हीएन कॉपीनं बनवलेले निघाले, ते ब्रँच म्हणून ट्रंकला जुळून आले, बघून लई बरं वाटलं. तीन कॉपी-पेस्टवाले लटकलेले आहेत. त्यातले दोन कारखाने आता आमच्याकडं नाहीत, म्हणून एकालाच कलम करणार. बॅकअप फाइली काढल्यावर रिपॉझिटरी पावणेचार जीबीवरून दोनशे दहा एमबीवर आली. पासवर्ड सात ठिकाणी सापडले, बदलायचं काम चालू आहे.

आणि एक गोष्ट घडली ती सांगायलाच पाहिजे. तालमीतल्या रिपॉझिटरीवर मी सहज काट्याच्या फाइलीला ब्लेम लावलं. रिकाम्या वजनाची ती ओळ २०१६ मधी पण कुणीतरी दुरुस्त केली होती. मेसेजमधी लिहिलंय की टायरगाडीवाले कधी बैल बदलतेत, कधी पाटे काढतेत, म्हणून दर खेपेला रिकामं वजन नव्यानं घ्यायचं, जुनं धरायचं नाही, शेतकी अधिकाऱ्यांनी तसं सांगितलंय. लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला. २०१९ मधी आमच्याच एकानं काटा लवकर चालावा म्हणून जुनं वजन लक्षात ठेवायचा कोड घातला आणि टायरगाड्यांना वेगळं काढायचं राहिलं. म्हणजे जानेवारीतल्या त्या रात्रीचं उत्तर नऊ वर्षांपासून आमच्याच मशीनवर पडून होतं. सरांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी त्या मुलाला तिथूनच फोन लावला.

खरं रूपांतर १६ मे ला करणार. त्या दिवशी संध्याकाळी एसव्हीएनवर प्री-कमिट हूक (कमिटच्या आधी चालणारी स्क्रिप्ट) लावून कमिट बंद, फक्त वाचता येईल, बॅकअप दोन जागी, आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो उघडून बघायची जबाबदारी माझी. सोमवारी सगळ्यांना पेनड्राइव्हवर बंडल.

गोदाकाठ दादा, त्या एका लटकलेल्या ब्रँचला कलम करताना गिट रिप्लेस केल्यावर ते सगळ्यांच्या क्लोनमधी जावं म्हणून परत फिल्टर-रेपो चालवावा लागतो का, का तसंच पुश केलं तर जातं? हे बंडल बनवायच्या आधी पक्कं करायचंय.


गोदाकाठ, नांदेड
१४ एप्रिल, सकाळी ६:३०

रिप्लेसची नोंद वेगळ्या रेफमधी (गिटच्या नावनोंदीत) असते, साध्या पुशमधी जात नाही आणि साध्या क्लोनमधी येत नाही. म्हणून कलम करा, लॉग बघून खात्री करा, आणि मग फिल्टर-रेपो चालवून ते कायमचं करून घ्या. बॅकअप फाइली काढायला तो चालवणारच आहात, तर कलम त्याच्या आधी करा, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही होतील आणि हॅश एकदाच बदलतील. बंडल त्याच्यानंतर. आणि त्या पुण्याच्या मुलाला आमचा पण नमस्कार सांगा.